कांदा, चप्पल आणि मागचं दार

काही दिवसांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊ वाजले होते. शेवटचा पेशंट गेला आणि मी आवराआवर करत होते, तेवढ्यात कंपाउंडर आत आला. म्हणाला, "बाहेर गाडीत कोणीतरी थांबलंय. मागच्या दारानं येऊ का म्हणून विचारतात."

आले. आई, वडील आणि एक तरुण मुलगा. वडिलांना मी ओळखते. नाशिकमध्ये पुष्कळ लोक ओळखतात. ओळख पटेल असं याहून एक अक्षरही मी लिहिणार नाही, आणि लिहिलंय त्यातलंही काही मुद्दाम बदललं आहे. मुलाला वर्षभरात तीनदा फिट आली होती. दुसऱ्या शहरात जाऊन एमआरआय आणि ईईजी करून आणला होता. रिपोर्ट हातात घेतला तर त्यावरचं नाव मुलाचं नव्हतं. मी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "मॅडम, कागदावर नाव नकोच. तुम्हीही टाकू नका. आमच्या घरात असलं काही आहे हे बाहेर गेलं तर पुढे मुलाच्या लग्नाचं, धाकट्या मुलीच्या लग्नाचं..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मुलगा तेवढा वेळ माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता.

या गृहस्थांचा फोटो आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक आरोग्य शिबिराच्या फ्लेक्सवर असतो. मधुमेह तपासणी, डोळ्यांची तपासणी, रक्तदान. हात जोडलेले, चेहरा हसरा. त्या रात्री घरी जाताना चौकातला तसाच एक फ्लेक्स दिसला आणि मला मनापासून राग आला. हा लेख त्या रागातून लिहिला आहे. थोडा राग स्वतःवरचाही आहे, त्याचं कारण पुढे सांगते.

आधी आजाराबद्दल थोडं. फिट, आकडी, फेफरं, मिरगी, अपस्मार, एपिलेप्सी. नावं किती असली तरी प्रकार एकच. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अतिशय सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलत असतात. कधी एखाद्या भागातल्या किंवा साऱ्या मेंदूतल्या पेशी एकदमच आणि बेताल संदेश सोडायला लागतात. ते वादळ हातापायांवर ताबा असलेल्या भागात असेल तर हातपाय झटकतात, शुद्ध हरपते, तोंडाला फेस येतो. दुसऱ्या एखाद्या भागात असेल तर माणूस नुसताच अर्धा मिनिट शून्यात बघत बसतो किंवा शर्टाचं बटण चाळवत राहतो, आणि घरच्यांना वाटतं की लक्ष नाही याचं. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे. नीट निदान झालं, औषध रोजच्या रोज घेतलं, तर शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट्स पूर्ण थांबू शकतात. असा हिशेब मेंदूच्या किती आजारांत मांडता येतो? पार्किन्सनमध्ये येत नाही, अल्झायमरमध्ये तर नाहीच. तरीही पार्किन्सनचे आजोबा दिवाणखान्यात बसतात आणि फिट येणारी नात पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते.

कारणं अनेक आहेत. जन्माच्या वेळी मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात, गाठ. आपल्या देशात एक कारण फार मोठ्या प्रमाणात दिसतं ते म्हणजे मेंदूत बसलेली पट्टकृमीची अळी. या जंताची अंडी अस्वच्छ पाण्यातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, न धुतलेल्या हातांतून पोटात जातात आणि अळी रक्तावाटे मेंदूत पोचते. मांसाहाराशी याचा संबंध लावून "आम्ही तर माळकरी" म्हणणारे पेशंट मला नेहमी भेटतात. कोथिंबीर माळकरीही खातात. या प्रकारच्या बऱ्याच रुग्णांना काही काळ औषध घेऊन पुढे गोळ्या बंदही करता येतात. आनुवंशिकता काही प्रकारांत असते, पण आई किंवा वडिलांना हा आजार असला तरी शंभरातल्या नव्वदहून बऱ्याच अधिक मुलांना तो होत नाही. म्हणजे "खानदानाला डाग" हा जो शब्द त्या रात्री माझ्या टेबलासमोर उच्चारला गेला, त्याला शास्त्रात जागा नाही. बहुतेक वेळा हा खानदानाचा मामलाच नसतो.

आता कांद्याकडे येऊ. आपला जिल्हा कांद्याचा. लासलगावचा भाव पडला की दिल्ली हलते, असं आपण अभिमानानं सांगतो. आणि रस्त्यात कुणाला फिट आली की पहिली हाक कांद्याचीच असते. कांदा फोडून नाकाला लावा, नाहीतर चप्पल हुंगवा, नाहीतर हातात किल्ल्यांचा जुडगा द्या. मी गमतीनं म्हणत नाही. सुशिक्षित घरांतून, इंजिनिअर भावांकडून, एकदा तर एका नर्सच्या नवऱ्याकडून हे ऐकलं आहे. सगळे शपथेवर सांगतात, "कांदा लावला आणि मॅडम, लगेच थांबली." थांबणारच. बहुतेक मोठ्या फिट्स एक ते तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात. कांदा शोधून, फोडून, नाकापर्यंत न्यायला तेवढाच वेळ लागतो. आपल्या आपण थांबलेल्या फिटचं श्रेय कांद्याला मिळतं आणि पुढच्या पिढीला तो वारसा जातो. अभिनेत्री फातिमा सना शेख हिनं २०२२ मध्ये आपल्याला एपिलेप्सी असल्याचं उघड सांगितलं, तेव्हा चप्पल हुंगवण्याच्या या प्रकाराबद्दलही ती बोलली होती. शुद्धीवर येताना सगळ्यात आधी कुणाची तरी मळकी चप्पल नाकाशी असावी, याहून मोठी विटंबना काय असते?

खरं करायचं ते सोपं आहे. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याजवळचं सैल करा, आजूबाजूचं टोकदार आणि गरम दूर सारा. दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करून ताबडतोब दवाखाना. आयुष्यातली पहिलीच फिट असेल, गरोदर बाई असेल, पाण्यात आली असेल, डोक्याला लागलं असेल, तरीही दवाखाना. बाकी वेळी शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा, एवढंच.

हे मी दहा वर्षं सांगते आहे. शिबिरात सांगते, शाळेत सांगते, गणेश मंडळात सांगते. लोक मान डोलावतात आणि पुन्हा कांदा शोधतात. याला माहितीचा अभाव म्हणून मी आता सोडून देत नाही. ज्यांना हा आजार आहे ते आपल्याला दिसतच नाहीत, हे खरं कारण आहे. तुमच्या ओळखीत मधुमेहाचे किती जण आहेत ते तुम्ही बोटांवर सांगाल. एपिलेप्सीचे किती? बहुतेक जण म्हणतील, एकही नाही. मी तुमच्याच गल्लीतल्या चौघांना तपासते. गोळीवर ठणठणीत असलेला शिक्षक, बँकेतली मुलगी, द्राक्षबाग सांभाळणारा माणूस, दोन लेकरांची आई. हे सगळे लपलेले. दिसतो तो फक्त रस्त्यात पडलेला, उपचार न मिळालेला. मग लोकांच्या मनात चित्र कुठलं बसणार?

आता स्वतःबद्दलचं. निफाड तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे यायची. सोळाव्या वर्षी सुरू झालेल्या फिट्स, दिवसातून दोनदा एक गोळी, आणि तीन वर्षांत एकही झटका नाही. लग्न ठरलं तेव्हा तिची आई एकटी आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "मॅडम, सासरी सांगायचं का?" मी म्हणाले, "आता फिट येतच नाहीत ना? मग कशाला विषय काढता? गोळ्या मात्र चालू ठेवा." मला वाटलं मी त्या माऊलीचं ओझं हलकं केलं.

गोळ्या रांगोळीच्या डब्यात लपवून गेल्या. सहा आठवड्यांत संपल्या. नवी सून एकटी मेडिकलमध्ये कशी जाणार, आणि कुणाला काय सांगून मागवणार? माहेरी फोन करायचा तर घर माणसांनी भरलेलं. गोळी बंद झाली, त्यात घरातल्या एका कार्याची रात्रभर जागरणं. न झोपणं हे या आजारात फिट ओढवून आणणारं एक मोठं कारण. पहाटे चुलीपाशी भाकऱ्या टाकताना तिला फिट आली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कांदा लावला होता, हेही मला नंतर कळलं.

सासरच्यांनी तिला परत पाठवलं. पण त्यांचं म्हणणं काय होतं ते नीट ऐका. "आजार आहे म्हणून नाही मॅडम. आम्हाला फसवलं म्हणून." त्यातलं किती खरं आणि किती सोयीचं, हा प्रश्न वेगळा. मला उत्तर देता आलं नाही. मुलीची आई समोर बसून होती. माझ्या सल्ल्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी कायदा वाचला. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्माराचे झटकेही लग्नाच्या आड येणाऱ्या गोष्टींत घातले होते. डॉक्टर आणि संघटनांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि १९९९ मध्ये दुरुस्ती होऊन तो शब्द काढून टाकला गेला. आज एपिलेप्सी आहे म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. पण त्याच कायद्यात फसवून मिळवलेल्या संमतीचा मुद्दा आहे, महत्त्वाची गोष्ट दडवली तर लग्न रद्द करण्याची मागणी करता येते. म्हणजे बघा, ज्या आजाराला कायद्यानं निर्दोष सोडलं, त्याला आपण लपवून पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. कोर्टात अडचण आली तर ती आजारामुळे येणार नाही, लपवण्यामुळे येईल. आणि तो सल्ला डॉक्टरांनी दिलेला असेल. मी दिलेला होता.

लपवण्याची वैद्यकीय किंमत याहून मोठी आहे. फिट्सवरची काही औषधं, विशेषतः सोडियम व्हॅल्प्रोएट, गरोदरपणात घेतली तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मतः व्यंग दिसतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात. म्हणून मूल व्हायच्या वयातल्या मुलीला शक्यतो दुसरं औषध देतात, आधीपासून फॉलिक ॲसिड सुरू करतात. हे कधी होईल? तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला माहीत असेल तेव्हा. जी सून सासूसमोर गोळी घेऊ शकत नाही, ती सासूसमोर बसून डॉक्टरांना काय सांगणार? (हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नका. अचानक बंद करणं सगळ्यात धोक्याचं. डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं.) आणि एक गोष्ट डॉक्टरही सांगायला कचरतात: एपिलेप्सी असलेल्या मोठ्या माणसांत दरवर्षी हजारातल्या एकाच्या आसपास माणूस अचानक, बहुधा झोपेत, दगावतो. ज्यांच्या मोठ्या फिट्स चालूच असतात, ज्यांच्या गोळ्या चुकतात, त्यांना हा धोका जास्त. चोरून घ्यायची गोळी चुकतेच.

आता मोठ्या घरांबद्दल. "त्यांचं वेगळं असतं" हे वाक्य मी पैसेवाल्यांकडूनही ऐकते आणि गरिबांकडूनही. म्हणून महाराष्ट्रातलंच एक घर सांगते. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट हे नाव मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू करणारं जोडपं. त्यांची मुलगी यशोदा वाकणकर. तिला लहानपणापासून एपिलेप्सी होती. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर फिट्स थांबल्या. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपली असती. सुटलो बाबा एकदाचे, आता कुणाला कळायला नको. यशोदाताईंनी उलट केलं. पुण्यात संवेदना फाउंडेशन काढलं, एपिलेप्सी असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा मदत गट चालवला, आणि याच आजाराच्या मुलामुलींसाठी विवाह जुळवण्याचं काम सुरू केलं.

हे शेवटचं काम मला फार मोलाचं वाटतं, कारण ते बरोबर दुखऱ्या जागी हात घालतं. तिथे आजार सांगूनच ओळख सुरू होते. कोणती गोळी, किती वर्षं फिट नाही, झोपेची काळजी कशी घ्यायची, हे पहिल्या भेटीत बोललं जातं. रांगोळीचा डबा लागत नाही. अवचटांच्या घरातल्या मुलीनं हे केलं म्हणून वर्तमानपत्रांनी ते छापलं, म्हणून ते दुसऱ्या घरातल्या आईनं वाचलं. प्रसिद्ध आडनावाचा एवढाच उपयोग असतो, आणि तो मोठा असतो.

आणखी एक, आपल्या शेजारच्या जिल्ह्याशी नातं असलेलं. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. हा मनोविकाराच्या खात्यातला आजार, पण लपवण्याची रीत तीच. वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि तिच्यातून 'देवराई' हा सिनेमा २००४ मध्ये आला. अतुल कुलकर्णींनी रंगवलेला त्यातला शेष बघून "आमच्या भाच्याचंही असंच आहे" म्हणत आलेले लोक मनोविकारतज्ज्ञ मित्रांनी मला सांगितले आहेत. परदेशात स्थिरावलेल्या प्राध्यापकाला गप्प बसणं किती सोपं होतं.

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स. विनोदी सिनेमे काढणारा माणूस. १९९३ मध्ये त्यांच्या तान्ह्या मुलाला, चार्लीला, फिट्स सुरू झाल्या. औषधांमागून औषधं, एक शस्त्रक्रिया, काही उपयोग नाही. वडिलांनी स्वतः ग्रंथालयात बसून वाचलं तेव्हा त्यांना कीटोजेनिक आहार सापडला: भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट, ग्रॅममध्ये मोजून द्यायचा. हा उपचार १९२१ पासून माहीत होता, नवी औषधं आल्यावर मागे पडला होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये तो सुरू केला आणि चार्लीच्या फिट्स थांबल्या. बाप चिडला होता, हे आपल्याला आधी कुणी का सांगितलं नाही म्हणून. १९९४ मध्ये त्यानं मुलाच्या नावानं संस्था काढली, १९९७ मध्ये मेरिल स्ट्रीपला घेऊन याच विषयावर टीव्हीसाठी सिनेमा केला. विस्मृतीत गेलेला उपचार जगभरच्या रुग्णालयांत परत आला त्यात या एका चिडलेल्या बापाचा वाटा मोठा आहे.

इथे मला प्रसिद्ध लोकांविरुद्धही बोलायचं आहे, कारण नुसतं कौतुक करून चालणार नाही. एका प्रसिद्ध घराला जे लागू पडलं ते सगळ्यांना लागू पडत नाही. कीटो म्हटलं की आता गंगापूर रोडच्या जिममधलं वजन उतरवायचं डाएट डोळ्यांपुढे येतं, आणि तसं डाएट स्वतःच्या मनानं फिट येणाऱ्या लेकराला सुरू करणारे आईबाप मी पाहिले आहेत. तो आहार म्हणजे औषधच आहे. तपासण्या, आहारतज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट यांच्याशिवाय करायचा नाही, आणि मुख्यतः औषधांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी आहे. शस्त्रक्रियेचंही तसंच. दोन योग्य औषधं योग्य डोसमध्ये देऊनही फिट्स थांबत नसतील तर शस्त्रक्रियेचा विचार करायला मोठ्या केंद्रात जायलाच हवं, पण ती होईल की नाही हे मेंदूतली जागा ठरवते. दुसरी तक्रार भाषेची. "मी लढवय्या आहे, मी हरले नाही" एवढंच सांगणाऱ्या मुलाखतीचा माझ्या पेशंटला काडीचा उपयोग नाही. त्याला हे ऐकायचं असतं की बाई, तू रोज सकाळ-संध्याकाळ गोळी घेतेस का? शूटिंगला रात्रभर जागतेस तेव्हा काय करतेस? नवऱ्याला कधी सांगितलंस? हे सांगणारा प्रसिद्ध माणूस हवा. जांभळी फीत लावून फोटो काढणारे दरवर्षी १७ नोव्हेंबरला, राष्ट्रीय एपिलेप्सी दिनाला, पुष्कळ दिसतात.

तुम्ही म्हणाल, आजार हा खासगी विषय आहे, डॉक्टरच म्हणतात गुप्तता पाळा आणि आता डॉक्टरच म्हणतात जाहीर करा. आक्षेप रास्त आहे. मुलाचा आजार मुलाच्या मालकीचा असतो. बापानं स्वतःची प्रतिमा उजळायला तो स्टेजवर सांगावा, असं मी मुळीच म्हणत नाही. तो दुसरा अन्याय होईल. यशोदाताई स्वतः बोलल्या, मोठ्या झाल्यावर, स्वतःच्या इच्छेनं. ज्याला सांगायचं नाही त्याचा तो हक्क आहे आणि माझ्या कपाटातले केसपेपर मरेपर्यंत बंद राहतील. पण गुप्तता वेगळी आणि खोटं वेगळं. रिपोर्टवर दुसऱ्याचं नाव घालणं ही गुप्तता नाही. उद्या त्याच मुलाला मध्यरात्री कुठल्या तरी इमर्जन्सीत नेलं तर तिथल्या डॉक्टरला जुना ईईजी कुणाचा म्हणून दाखवणार? आणि त्या सतरा-अठराच्या पोराला आपण आत्ताच काय शिकवलं? की तुझ्यात असं काहीतरी आहे जे तुझ्या नावाला लावायच्या लायकीचंही नाही.

लपवायला भाग पाडणाऱ्यांत सरकारही आहे, हेही सांगायला हवं. ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जासोबतच्या शारीरिक पात्रतेच्या घोषणापत्रात पहिल्याच प्रश्नांत एपिलेप्सी विचारतात. हो लिहिलं तर लायसन्स मिळणं कठीण, मग दहा वर्षं फिट आलेली नसो. ब्रिटनमध्ये वर्षभर फिट नसेल तर मोटार चालवू देतात. आपल्याकडे खरं बोलणाऱ्याला आयुष्यभराची बंदी आणि कालच फिट आलेला पण खोटं लिहिणारा मात्र मुंबई-आग्रा हायवेवर. फिट्स चालू असताना गाडी चालवू नका, हे मी ठामपणे सांगते. पण ज्याच्या थांबल्या आहेत त्याला खरं सांगून गाडी चालवता येईल असा नियम करून घेणं, हे काम मागच्या दारानं येणाऱ्या वजनदार माणसांनी एकदा पुढच्या दारानं केलं तर हजारोंचं भलं होईल. त्यांच्या एका फोनवर आमच्या कॉलनीचा रस्ता झाला होता.

देवाधर्माबद्दल पेशंट विचारतात म्हणून लिहिते. सप्तशृंगीच्या गडावर जा, नवस बोला, फेडा. पण गोळी सोबत न्या. नवरात्रातला उपवास गोळीनं मोडत नाही, आणि नऊ दिवस उपाशी, रात्री जागरण, त्यात गोळी बंद, असं केलेले पेशंट दसऱ्याच्या आसपास माझ्याकडे हमखास येतात.

लग्नाच्या बाबतीत मी आता काय करते ते सांगते. आईबाप विचारायला आले की म्हणते, सांगा. साखरपुड्याच्या आधी सांगा, पत्रिका छापल्यावर नको. आणि मुलाकडच्यांना माझ्याकडे घेऊन या, फी नाही. मुलगा-मुलगी आणि दोन्हीकडची मोठी माणसं समोर बसवून मी सरळ मराठीत सांगते की हे असं आहे, गोळी अशी आहे, फिट आलीच तर असं करायचं, बाळंतपणाचं नियोजन असं. काही स्थळं मोडतात. खोटं कशाला बोलू, बरीच मोडतात. पण जी टिकतात त्या घरात गोळ्यांची पट्टी फ्रिजवर उघडी असते आणि रात्री सासू विचारते, घेतलीस का ग? निफाडच्या त्या मुलीचंही पुढे दुसरं लग्न झालं, आधी सगळं सांगून. हातावरचा व्रण आहे. ती औषध घ्यायला नवऱ्याबरोबर येते आणि माझ्याशी फार बोलत नाही. तो तिचा हक्क आहे.

आता त्या रात्रीचं राहिलं. वडील मोबाइल काढून कुणाला तरी उत्तर देत होते तेव्हा मी मुलाला विचारलं, "तुझ्या मित्रांना माहीत आहे?" तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, "तिघांना आहे. मी कॉलेजमध्ये पडलो तेव्हा त्यांनीच यूट्यूबवर बघून कुशीवर वळवलं होतं. पप्पांना वाटतं कुणालाच माहीत नाही." वडिलांची बोटं मोबाइलवर थांबली.

मी औषध लिहून दिलं. केसपेपरवर मुलाचं पूर्ण नाव टाकलं, ईईजी नव्यानं आणि स्वतःच्या नावानं करायला सांगितला, आणि पुढची तारीख दिली: महिन्यानं, सोमवारी, सकाळी साडेदहा. तेव्हा मागचं दार बंद असतं.